पंचनाम्यावरची माझी सही

२०१८ च्या डिसेंबरात एका दुपारी आमच्या ऑफिसात पोलिसांचं पत्र आलं. वेश्याव्यवसायावरच्या छाप्यासाठी एक महिला पंच, म्हणजे पंचनाम्याची साक्षीदार, हवी होती. बाकीच्या दोघींची मुलं लहान, म्हणून साहेबांनी माझं नाव दिलं. 'तासाभराचं काम आहे,' म्हणाले. मी रात्री अकराला घरी पोचले.

ही गोष्ट इतकी वर्षं घरच्यांखेरीज कुणाला सांगितली नव्हती. आज लिहितेय कारण सिंहस्थ तोंडावर आलाय आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निवेदन फिरतंय. 'कुंभमेळ्याआधी नाशिक स्वच्छ करा.' खाली मागण्या आहेत: रस्त्यातले खड्डे, मोकाट जनावरं, आणि तिसऱ्या नंबरवर 'लॉज आणि रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या बायका'. सगळ्यांनी सह्या केल्या, मी केली नाही. का नाही, असं दोघीतिघींनी विचारलं. ग्रुपवर चार ओळींत सांगता येईना, म्हणून इथे.

लॉज महामार्गालगतचं होतं. आधी पोलीस ठाण्यात बनावट गिऱ्हाईक तयार केलं गेलं. त्याला दिलेल्या नोटांचे नंबर कागदावर उतरवले, त्यावर आम्हा पंचांच्या सह्या झाल्या. मग आम्ही एका खाजगी गाडीत बसून त्याच्या मिस्ड कॉलची वाट पाहत राहिलो. मिस्ड कॉल आला, सगळे धावले. वर दोन खोल्यांत मिळून तीन बायका होत्या. मी दारात पोचले तेव्हा एक जण डबा खात होती. भाकरी आणि मेथीची भाजी. तिने डबा बंद केला, हात धुवायला उठली तर शिपाई 'बस खाली' म्हणून ओरडला, आणि पुढचे कितीतरी तास ती खरकटा हात तसाच धरून बसली होती. मला त्या रात्रीतलं सगळ्यात जास्त हेच आठवतं.

दोन खरी गिऱ्हाइकंही सापडली होती. एकाला रडूच कोसळलं, बायकोला कळेल म्हणून. नाव-पत्ता लिहून घेतला आणि तासाभरात दोघंही गेले. मॅनेजरला ताब्यात घेतलं. लॉजचा मालक कोण, हे त्या रात्री कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

मग पंचनामा. जप्त मुद्देमालात नोटा, मोबाईल, रजिस्टर, आणि 'निरोधची पाकिटे १४ नग'. सरकारी, फुकट वाटपाची पाकिटं होती ती. म्हणजे एक सरकारी खातं त्या बाईच्या हातात एचआयव्हीपासून वाचण्यासाठी पाकीट देतं आणि दुसरं सरकारी खातं तेच मोजून पुरावा म्हणून लखोट्यात घालतं. पुढच्या वेळी ती पाकीट जवळ ठेवेल का? सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात हे थांबवायला सांगितलं, निरोध हा पुरावा धरू नका म्हणून. आमचा पंचनामा त्याच्या साडेतीन वर्षं आधीचा.

मी पेन काढलं तशी ती डबेवाली म्हणाली, "ताई, वाचून सही करा."

मी वाचलं. तिघींना पैशाचं आमिष दाखवून, बळजबरीने या व्यवसायात आणल्याचं लिहिलं होतं. ती म्हणाली, "मी असं बोलले नाही. मला कुणी आणलं नाही, मी माझी येते, माझी जाते." मी अधिकाऱ्यांकडे बघितलं. ते वाईट माणूस नव्हते, मुद्दाम सांगते. थकलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, असंच लिहावं लागतं. पीडित म्हणून नाही लिहिलं तर आरोपी म्हणून लिहावं लागेल. काय लिहू, सांगा."

मी सही केली.

कायद्यात या बाईसाठी दोनच खाने आहेत, हे मला तेव्हा कळलं. घरी येऊन मी तो कायदा मिळवून वाचला. आपण ज्याला 'पिटा' म्हणतो तो मूळचा १९५६ चा. १९५० मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली होती, त्यातून तो आला. १९८६ च्या दुरुस्तीने त्याला आजचं नाव मिळालं, अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा. आपल्याकडे बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं, की हा धंदा करणं हाच गुन्हा आहे. तसं नाही. प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन संबंध ठेवणं या कायद्यात कुठेही गुन्हा म्हणून लिहिलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये मालाडच्या छाप्यात पकडलेल्या तिघींना सुधारगृहातून सोडताना हेच स्पष्ट केलं.

पण मग गुन्हा काय आहे, ते बघा. तिने रस्त्यात उभं राहून गिऱ्हाईक बोलावलं तर कलम ८, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. हाच गुन्हा पुरुषाने केला तर जास्तीत जास्त तीन महिने. रस्ता नको म्हणून खोली घेतली तर खोली देणारा घरमालक कलम ३ मध्ये अडकतो, मग कोण देईल खोली? एकटीला भीती वाटते म्हणून दोघींनी मिळून एक खोली घेतली आणि कमाई वाटून घेतली, तर कायद्याच्या व्याख्येत तो कुंटणखाना होतो. मारणारं, पैसे बुडवणारं गिऱ्हाईक आलं तर शेजारच्या खोलीत कुणीतरी असावं एवढी साधी सोय, आणि ती गुन्हा.

कलम ४ वाचताना तर मी थांबलेच. अशा बाईच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरची कुणीही व्यक्ती गुन्हेगार, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. हेतू दलाल पकडण्याचा असणार, मान्य आहे. पण 'कुणीही' म्हणजे तिची म्हातारी आईसुद्धा, आणि अठराव्या वाढदिवसापासून तिची मुलगीसुद्धा.

हे मला टोचलं त्याला कारण आहे. त्या रात्री गाडीत बसण्याआधी त्या डबेवालीने मला एक नंबर सांगितला होता. "घरी फोन करा, म्हणावं मी दवाखान्यात ॲडमिट आहे." मी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून फोन लावला आणि खोटं बोलले. मुलीने उचलला होता. आईला काय झालंय हे तिने विचारलं, मी काहीतरी सांगितलं. मग ती म्हणाली, "मावशी, आईला सांगाल का, फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे." कॉलेजात होती ती. कलम ४ मधली 'कुणीही व्यक्ती'.

फी मी भरली नाही. पत्ता विचारायचं सुचलं नाही आणि नंतर तो नंबर लागला नाही. तिला सुधारगृहात किती दिवस ठेवलं तेही मला माहीत नाही. मॅजिस्ट्रेटला वाटलं तर या कायद्यात एक ते तीन वर्षं ठेवता येतं, 'संरक्षणासाठी'. साक्षीला मला कोर्टाचं समन्स आलं तेव्हा कळलं की तिन्ही 'पीडित' मिळून येत नाहीत. मी पंचनाम्यावरची सही ओळखली, बाहेर आले. केसचं पुढे काय झालं ते बघायला मी गेले नाही, तेवढं धैर्य नव्हतं.

आता नाशिकचं. कलम ७ सांगतं की देवस्थान, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांपासून दोनशे मीटरच्या आत हा धंदा चालवला तर शिक्षा. दोनशे मीटर! रामकुंडावर उभं राहून कुठल्याही दिशेने चालायला लागा, देऊळ न लागता दोनशे मीटर चालून दाखवा. पंचवटी सोडा, जुनं नाशिक सोडा, अंबड-सातपूरच्या कामगार वस्त्यांत तरी जागा सापडेल का, जिथून मारुतीचं, साईबाबांचं मंदिर किंवा मशीद तेवढ्या अंतरात नाही? या शहरात हे कलम सगळीकडेच लागू होतं, म्हणजे कधी आणि कुणाला लावायचं ते ठाण्यात ठरतं. आणि जे ठाण्यात ठरतं त्याचा हप्ता ठरतो, हे मी नव्याने सांगायला नको.

कुंभासाठी आता कारवाया वाढतील. नागपुरात ऑगस्ट २०२१ मध्ये गंगा-जमुना ही वेश्यावस्ती पोलिसांनी बॅरिकेड लावून बंद केली होती, तेव्हा बायका रस्त्यावर येऊन विचारत होत्या की आम्ही जायचं कुठे. वस्ती मोडली म्हणून धंदा मोडत नाही, तो लॉजवर जातो, फ्लॅटवर जातो, मोबाईलवर जातो. वस्तीत निदान आरोग्यसेविका महिन्याला येत होती, शेजारीण ओरडा ऐकत होती. फ्लॅटच्या बंद दाराआड कोण ऐकणार? आणि तिथे अल्पवयीन पोरगी असली तर तीही कुणाला दिसणार नाही.

माझी एक मैत्रीण सोडवून आणलेल्या मुलींबरोबर काम करते. हे सगळं तिला सांगितलं तर ती चिडते. म्हणते, "मर्जी मर्जी काय करतेस? नवऱ्याने टाकलेली, दुष्काळातून आलेली, कर्जात बुडालेली बाई, तिची कसली मर्जी?" तिचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. तिने बघितलेल्या मुली मी बघितलेल्या नाहीत. नोकरी लावतो म्हणून आणलेल्या, विकलेल्या, चटके दिलेल्या. त्यांच्या बाबतीत मला कसलाही प्रश्न नाही. अल्पवयीन असेल तर मर्जी हा शब्दच नको, पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, लागलाच पाहिजे. भारतीय न्याय संहितेत मानवी व्यापाराचं कलम १४३ आहे, आणि विकून आणलेली आहे हे माहीत असून तिच्याकडे जाणाऱ्यासाठी कलम १४४ आहे. ती कडक वापरा. त्या रात्री सोडून दिलेल्या दोघा गिऱ्हाइकांना निदान एवढं तरी विचारायला हवं होतं की तुम्हाला या बायकांबद्दल काय माहीत होतं.

पण गरिबीतली निवड ही निवडच नाही असं म्हटलं, तर मग द्राक्षबागेत औषध फवारणारी, कांद्याच्या चाळीत दिवसभर वाकून निवड करणारी, चार घरची भांडी घासणारी, कुणाचीच मर्जी उरत नाही. त्यांना आपण गाडीत घालून सुधारगृहात नेत नाही. मजुरी वाढवा म्हणतो. मग हिच्याच बाबतीत सगळ्यात आधी तिचं म्हणणं का खोडतो? माझ्या डोळ्यांसमोर एका बाईचं वाक्य खोडलं गेलं आणि त्याखाली माझी सही आहे.

बाहेरचे देश वेगवेगळ्या वाटेने गेलेत. स्वीडनने १९९९ पासून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, विकणारीला नाही. न्यूझीलंडने २००३ मध्ये प्रौढांसाठी ते गुन्ह्यातूनच काढलं. बेल्जियममध्ये डिसेंबर २०२४ पासून या बायकांना कामाचा करार, बाळंतपणाची रजा आणि नको त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचा हक्क कायद्याने मिळाला. माझ्या मैत्रिणीला स्वीडनचा रस्ता पटतो. मला वाटतं, आपल्याकडे गिऱ्हाइकावरचं कलम हे हप्त्याचं आणखी एक कलम होईल आणि घाबरलेलं गिऱ्हाईक तिला आणखी अंधारात यायला सांगेल. आपल्याकडे २००६ साली कलम ८ काढून टाकायचं विधेयक आलं होतं, त्यातच गिऱ्हाइकाला शिक्षेची तरतूदही होती. वाद झाला, विधेयक बारगळलं. कलम ८ आजही आहे.

आणि परदेशच कशाला, आपल्या सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ पासून आहे. या बायकांनी स्वतः चालवलेली संघटना. आपल्या निवेदनाच्या आधी त्यांच्यापैकी किंवा आपल्या शहरातल्या एखादीला तरी विचारलं असतं, तर तिसरी मागणी तशी लिहिली गेली नसती.

करोनात सरकारला त्यांची दखल घ्यावी लागली होती. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्र न मागता रेशन द्या म्हणून सांगितलं, आणि महाराष्ट्र सरकारने महिना ५००० रुपये, शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी २५०० जाहीर केले. म्हणजे सरकारला त्या बायका, त्यांची मुलं, मुलांच्या शाळा, सगळं माहीत आहे.

सोसायटीतल्या मैत्रिणींना माझी विनंती आहे, तिसरी मागणी काढा. खड्ड्यांसाठी आणि जनावरांसाठी मी पहिली सही करते.

आणि तुमच्यापैकी कुणाला असं पत्र आलं तर टाळू नका, जा. कायद्यात पंचांसाठी 'प्रतिष्ठित रहिवासी' असा शब्द आहे आणि त्यात निदान एक बाई असावीच लागते, त्यामुळे तुमची तिथे गरज आहे. पंचनामा पूर्ण वाचा. बाईने जे सांगितलं तेच लिहिलंय का ते तिलाच विचारा. निरोधची पाकिटं मुद्देमालात लिहायला लागले तर २०२२ चा आदेश दाखवा. फोटो काढू देऊ नका. तिला सांगा की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि ती जेवत असेल तर तिला आधी हात धुऊ द्या.