"ढापलेलं असणार!"

दुपारपासून डोकं भणभणतंय. लिहून मोकळा होतो, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

आज मावशीकडे कोथरूडला जेवण होतं. श्रीखंड-पुरी झाली, मंडळी सतरंजीवर आडवी झाली आणि माझी तेरा वर्षांची भाची कोपऱ्यातल्या पेटीशी जाऊन बसली. ती कुठे शिकायला जात नाही, ऐकून वाजवते. उजव्या हाताची दोन बोटं पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर आणि जीभ दातांत धरलेली. आधी तिने 'वन पीस' या जपानी कार्टून मालिकेचं पहिलं शीर्षकगीत वाजवलं. मग थांबली, थोडी चाचपडली आणि 'साकुरा वॉर्स' या गेमचं शीर्षकगीत काढलं. तो गेम ती माझ्याच पीएस-फोरवर खेळते. मग वळून मला म्हणाली, "मामा, ही दोन्ही एकाच घरातली वाटतात ना रे? म्हणजे चाल वेगळीये, पण..."

पुढचं तिला बोलूच दिलं नाही. आमच्यातले एक काका आहेत, नातं आणि नाव दोन्ही गुलदस्त्यात ठेवतो. ते लोडावरून म्हणाले, "अगं, एकाने दुसऱ्याचं ढापलेलं असणार! ही कार्टूनं आणि हे गेम, एकजात चोर!" सगळे खो खो हसले. पोरीने भात्याची कडी लावली आणि आत निघून गेली.

आता ऐका. ती दोन्ही गाणी कोहेई तनाका या एकाच माणसाने केली आहेत. 'साकुरा वॉर्स'चं १९९६ सालचं, 'वन पीस'चं १९९९ सालचं. भाचीने हे नाव कधी ऐकलेलं नाही. निव्वळ कानावर तिने दोन्हींमागचा एक माणूस ओळखला! हेच तिने दोन भावगीतं ऐकून ओळखलं असतं, तर याच काकांनी खिशातून पाचशेची नोट काढून तिच्या हातात ठेवली असती आणि "घराण्यात कान आहे" म्हणून चारचौघांत मिरवलं असतं.

मी हे तिथल्या तिथे सांगितलं. उत्तर काय, तर "अरे, गंमत केली रे!"

पुण्यात कुणाचाही पाणउतारा करावा आणि वर गंमत म्हणावं. असो.

ज्यांना जपानी कार्टून आणि गेमचं संगीत 'सगळं सारखंच' वाटतं, त्यांनी ते सारखं का वाटतं याचा कधी विचार केलाय का? पहिली गोष्ट म्हणजे माणसंच तीच आहेत. योको कान्नोने 'काउबॉय बीबॉप' या मालिकेचं (१९९८) संगीत करण्याच्या कितीतरी आधी कोएई कंपनीच्या ऐतिहासिक गेम्सना संगीत दिलं होतं. 'डीमन स्लेयर' मालिकेच्या एकोणिसाव्या भागाच्या शेवटी ज्या गाण्याने आपल्यातले अर्धेअधिक रडले (मी रडलो, लाज वाटत नाही), ते करणारा गो शीना मूळचा गेमवाला, 'गॉड ईटर' या गेमचं संगीत त्याचंच. हिरोयुकी सावानो उलटा गेला. 'अटॅक ऑन टायटन' ही मालिका २०१३ ला केली आणि २०१५ ला 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स एक्स' या गेमला संगीत दिलं. ते दोन लागोपाठ ऐका. ढोल कधी कोसळणार हे आधीच कळतं. याला चोरी म्हणायचं? मग उद्या एकाच माणसाच्या दोन सह्या जुळल्या म्हणून पोलिसात जाऊ या.

दुसरी गोष्ट स्वरांची, आणि इथे माझा खरा संताप आहे. जपानी गाण्यांत चौथा आणि सातवा स्वर गाळलेलं एक सप्तक सर्रास वापरतात. काय उरलं? सा रे ग प ध. भूप राग! दुसरं एक आहे, सामुराई तलवार उपसायला लागला की हमखास वाजणारं: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. ते आपल्या गुणकली रागाचे स्वर. पाचच स्वर हाताशी असले की वळणं एकमेकांना भेटणारच. हे मी कुणाला सांगतोय? काकांना! जे दर डिसेंबरला मुकुंदनगरला सवाईला जाऊन बसतात आणि शेजारच्या अनोळखी माणसाला भूप आणि देसकार समजावून सांगतात. स्वर तेच पाच, पण भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देसकारात धैवत. एक संध्याकाळचा, दुसरा सकाळचा. तिथे यांना तो सूक्ष्म फरक दिसतो, डोळे मिटून मान डोलते. देसकाराने भूप ढापला असं म्हणायची छाती आहे का त्यांची? मग जपानी माणसाच्या बाबतीतच तो कान कुठे जातो?

जरा पाणी पिऊन आलो.

मला आठवतं, आमच्याकडे कॅसेटवाला टीव्ही गेम होता. मारिओची धून लागली की बाबा म्हणायचे, "ती पिपाणी बंद कर." बाबांचं चूक नव्हतं, पिपाणीच होती ती. निन्तेन्दोच्या १९८३ च्या त्या यंत्रात आवाजाच्या पाचच वाटा: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक तुटपुंज्या ध्वनिमुद्रित आवाजासाठी. तीन सुरांत सगळा संसार. चाल वाजत असताना पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, वाजवायची सोय नाही, म्हणून तिचे स्वर भरभर एकापाठोपाठ एक सोडायचे. ती थरथर तेव्हाच्या बऱ्याच गेम्समध्ये आहे, कारण यंत्रांची अडचण तीच होती. आज हवी तेवढी वाद्यं हाताशी असतानाही लोक ती मुद्दाम वापरतात, कारण त्यांचं लहानपण तिच्यात आहे. माझंही आहे.

बरं, उचलेगिरी होते. मान्य. चौथी, पाचवी, तिसरी, सहावी या क्रमाने येणाऱ्या कॉर्ड जपानी गाण्यांत इतक्या घासून गुळगुळीत झाल्यात की त्या क्रमाला तिकडे 'राजमार्ग' म्हणतात, आणि त्यावरून आळशी लोकही बिनधास्त गाड्या हाकतात. झालं समाधान?

पण त्याच जपानमध्ये निन्तेन्दोचा संगीतकार कोजी कोंदोने १९८६ साली 'झेल्डा' या गेमच्या सुरुवातीला राव्हेल या फ्रेंच संगीतकाराचा 'बोलेरो' वापरायचं ठरवलं होतं. हक्क अजून संपलेले नाहीत हे ऐनवेळी कळलं, तर गड्याने घाईघाईत स्वतःची धून रचली. ती आज जगभर वाजते. पुढे २०११ च्या 'झेल्डा'त निन्तेन्दोवाल्यांनी आपल्याच जुन्या अंगाईचे स्वर उलटे फिरवून नवी मुख्य धून केली. हे ज्याने पहिल्यांदा ऐकून ओळखलं असेल, त्याला मी कोथरूडपासून लोटांगण घालत येतो.

आणि आपण कुणाला चोर म्हणतोय? १८८० साली याच पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून बघा, पदावर सरळ छापलेलं असतं: 'चाल', आणि पुढे कुठल्या गाण्याची ते. लावणीची, कानडी पदाची, कीर्तनातली. लपवाछपवी नाही. प्रेक्षकाला दोन्ही ऐकू यायचं, नवीनही आणि जुनंही, आणि त्यात मजा होती. भाची आज दुसरं काय करत होती? पदावर 'चाल' लिहीत होती, एवढंच.

काकांचा मला राग नाहीये खरं तर. म्हणजे आहे. पण त्यांनीच मला लहानपणी कर्वे रोडवरून स्कूटरवर पुढे उभं करून भूपातल्या चिजा शिकवल्या होत्या, म्हणून तर जास्त लागलं. काका, तुम्ही हे वाचणार, खाली अंगठाही टाकणार. अंगठा नको. तिला फोन करा, आणि तिचं 'पण...' च्या पुढचं वाक्य काय होतं ते विचारा.

बाकीच्यांसाठी: कुणाकडे जुना कीबोर्ड पडून असेल तर कळवा. ६१ पट्ट्यांचा चालेल, सगळ्या वाजत असल्या म्हणजे झालं. फुकट नको, पैसे देईन. घासाघीस मात्र करणार.