धुराडं दिसलं म्हणजे घर नव्हे

माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेतला वैताग पोचला, मुद्देही पोचले. ब्रिटनमधल्या बंद रेल्वे शाखामार्गालगतच्या त्या पडक्या खोलीला मी गँगमनची, म्हणजे रूळ राखणाऱ्या कामगारांची, खोली म्हटलं. तुमचं म्हणणं असं, की आत शेगडी आणि धुराडं आहे, म्हणजे तिथे कुणी राहत असणारच. तेव्हा ते फाटकवाल्याचं घर किंवा सिग्नलची केबिन. शिवाय इतक्या अलीकडच्या विटांना ‘पुरातत्त्व’ म्हणणं हास्यास्पद, आणि म्हणायचंच तर निदान ढिगारा तरी उपसायचा.

गँगच्या खोलीत शेगडी नसती तरच नवल होतं. रुळांची देखभाल करणारी टोळी दिवसभर उघड्यावर. कपडे वाळवायला, चहा उकळायला, पाऊस टाळायला तेवढाच आसरा. अशा खोल्या तिथल्या मार्गांवर जागोजागी असत; काही विटांच्या, काही दगडी, कित्येक तर रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर उभे करून बांधलेल्या. धुराडं मात्र बहुतेकींना. राहतं घर असतं तर दुसरी खोली, पाण्याची सोय, संडास, निदान परसाची हद्द, काहीतरी उरलं असतं. इथे जोतंच एका खोलीचं आहे. आणि फाटकवाला रस्ता सोडून कशाला राहील? इथला जवळचा रस्ता पुलाखालून जातो, म्हणजे फाटकच नाही.

केबिनचा तर्क मात्र विचार करण्याजोगा आहे. काचांचा वरचा मजला आधी पडतो, उरतो तो तळ, आणि बघायचं तेही तिथेच. सिग्नल आणि सांधे (गाडी दुसऱ्या रुळांवर वळवायच्या जागा) हलवणाऱ्या लिव्हरला जोडलेल्या तारा आणि लोखंडी दांडे खालून रुळांकडे निघतात. त्यासाठी त्या बाजूच्या भिंतीत तळाशी रुंद फट ठेवावी लागते. पुढे कुणी ती बुजवली तरी वेगळ्या विटांचा पट्टा चुगली करतो. जून १८८९ मध्ये आयर्लंडात आर्माजवळ सहलीच्या गाडीला अपघात होऊन सुमारे ८० माणसं गेली. त्याच वर्षी कायदा आला आणि प्रवासी मार्गांवर सांधे नि सिग्नल यांचं इंटरलॉकिंग, म्हणजे ते एकमेकांशी विसंगत हलू नयेत अशी जोडणी, सक्तीचं झालं. म्हणजे लिव्हरची जड चौकट आली, तिला पेलणारा पाया आला. या खोलीत ना फट, ना पाया. भरावही एकाच रुळजोडीपुरता रुंद, तेव्हा सांध्याचा प्रश्नच नाही. सांधा नसलेल्या, नुसत्या सिग्नलपुरत्या केबिनी असतात हे मान्य. पण तारांना वाट त्यांनाही लागतेच.

याउलट आडव्या भिंतींतल्या त्या लहान खिडक्या बघा. त्या समोर नव्हे, दोन्हीकडे रुळांच्या लांबीवर उघडतात. येणारी गाडी आत बसून दिसावी म्हणूनच ना? दारासमोर काटकोनात पडलेले कुजके स्लीपर माझ्या मते हातट्रॉली रुळांवरून उतरवून ठेवायचे. खोली सुटी बघितली तर ती काहीही असू शकते. रुळांच्या संदर्भात बघितली की पर्याय झपाट्याने कमी होतात.

खोली मार्गाइतकीच जुनी, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला तसं वाटत नाही. दारावर तुळई म्हणून टाकलाय तो जुना रूळ आहे. रूळ आधी मार्गात वर्षानुवर्षं झिजतो, मग असा भंगारातून भिंतीत येतो. म्हणजे ती तुळई मार्ग सुरू झाल्यानंतर बऱ्याच काळाने बसली. अर्थात भिंत जुनी आणि दार मागाहून दुरुस्त केलेलं, असंही असेल. म्हणून मूळ लेखात मी साल दिलेलं नाही. रुळांच्या बाजूवर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं, पण इथे ती बाजू चुन्यात गेली आहे.

‘पुरातत्त्व’ या शब्दावर फार वेळ घालवत नाही. कारखाने, रेल्वे अशा अवशेषांच्या अभ्यासासाठी औद्योगिक पुरातत्त्व हा शब्दप्रयोग मायकेल रिक्स यांनी १९५५ च्या लेखातून रुळवला, त्याला आता सत्तर वर्षं झाली.

ढिगारा उपसण्याबद्दल साफ नाही. जागा दुसऱ्याच्या मालकीची. छपराचे तुकडे ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचे वाटतात, ते हलवणं म्हणजे छातीत धूळ भरून घेणं. आणि काय कशावर पडलंय हा क्रम एकदा विस्कटला की पुन्हा लावता येत नाही.

तुम्ही त्या वाटेने चालत गेलात असं लिहिलंय. फोटो काढले असतील तर रुळांकडच्या भिंतीचा तळ दिसेल असा एखादा पाठवा. माझ्या फोटोत डावा कोपरा झुडपाआड आहे. तिथे बुजवलेली फट निघाली तर केबिनबद्दल पुन्हा बोलू.