निरोप नेमका कोणाला?

संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उरकली की सोलापुरातल्या शाळांना दहावीच्या निरोप समारंभांचे वेध लागतात, आणि दरवर्षी मला एकच प्रश्न पडतो: निरोप मुलांना द्यायचा असतो की त्यांच्या सहनशक्तीला? पुतणीच्या शाळेत दहाचा कार्यक्रम पावणेबाराला सुरू झाला, कारण प्रमुख पाहुणे तासभर 'निघालेच' होते. तोवर आईच्या साड्या सावरत मुली उन्हात सतरंजीवर! मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि व्यासपीठावरच्या अकरा जणांचा एकेक करून सत्कार. चादरींच्या या गावात कापडाला तोटा नाही हे मान्य, पण शाल, टॉवेल, टोपी आणि नारळ प्रत्येकाला, तेही फोटो नीट आला नाही म्हणून दोनदा, द्यायलाच हवेत का? दहावीची परीक्षा मार्चवरून फेब्रुवारीत सरकली (२०२५ साली तर ती २१ तारखेलाच सुरू झाली), तरी भाषणे मात्र तसूभरही आखडत नाहीत. 'मी फार वेळ घेणार नाही' असे बजावून पाहुण्यांनी पाऊण तास स्वतःचे खडतर बालपण ऐकवले. आणि विद्यार्थ्यांचे मनोगत? दोघींना, दोन-दोन मिनिटे. घामाने ओलावलेल्या चिठ्ठीवरून पुतणी मधल्या सुट्टीत वाटून खाल्लेल्या शेंगाचटणी-भाकरीपर्यंत पोहोचली, आणि सूत्रसंचालकांनी घंटा वाजवली. आभारप्रदर्शनात मंडपवाल्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावे आली. दहावीच्या वर्गाचे तेवढे राहून गेले.