अंगकोरचे राक्षस आणि दगडातली भोकं

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. वर अंगकोर वाटचा सूर्योदयाचा फोटो आणि खाली मजकूर: "कंबोडियातलं हे मंदिर महाकाय मानवांनी एका रात्रीत बांधलं. स्थानिक लोक आजही हेच सांगतात. दगड इतके अवजड की माणसाला हलवणं अशक्य. पायऱ्या बघा, माणसासाठी आहेत का? सांगाडेही सापडलेत, पण इतिहासकार लपवतात." मला तो तीन ग्रुपवर आला, त्यातला एक चक्क सिव्हिल इंजिनीअर मंडळींचा. तेव्हा लिहायला बसणं भाग पडलं.

आधी "स्थानिक लोक सांगतात". हे अगदीच खोटं नाही, म्हणून तर खपतं. १८६० मध्ये आँरी मुओ हा फ्रेंच प्रवासी तिथे पोचला आणि भेटेल त्याला विचारू लागला, हे बांधलं कुणी? त्यानं चार उत्तरं टिपून ठेवली: देवांच्या राजानं, राक्षसांनी, कुष्ठरोगी राजानं, आणि माझं आवडतं, "ते आपोआपच झालं". फॉरवर्डवाल्यानं चारांतलं एक उचललं आणि बाकीची तीन गिळली. ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या, लोककथांत अंगकोर वाटचा कर्ता म्हणून ज्याचं नाव येतं, तो राक्षस नाहीच. तो प्रेह पिस्नुकार, म्हणजे आपला विश्वकर्मा. आणखी मागे जा. १२९६-९७ मध्ये चिनी शिष्टमंडळाबरोबर आलेला झोउ दागुआन जवळजवळ वर्षभर अंगकोरला राहिला. नगराच्या दक्षिण दरवाजाबाहेरचा दगडी मनोरा लु बाननं एका रात्रीत उभा केला, अशी आख्यायिका त्यानं नोंदवली आहे. लु बान कोण? चिनी सुतार-गवंड्यांचं दैवत! म्हणजे "एका रात्रीत" ही कथा जुनी आहे खरी, पण तिचा नायक कारागीर आहे. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं आपणही सांगतोच, आणि तिथला शिलालेख मात्र शके ९८२ म्हणतो, म्हणजे १०६०.

अंगकोर थोम म्हणजे अंगकोर वाटशेजारचं तटबंदीचं नगर. त्याच्या वेशींसमोर अजस्र असुर आहेत, हे कबूल. एका बाजूला ५४ देव, दुसऱ्या बाजूला ५४ असुर, आणि दोघांच्या हातात नाग. बहुतेक अभ्यासक त्यात समुद्रमंथन पाहतात. बांधकाम त्यात कुठेच नाही.

आता दगड. अंगकोर वाटला अंदाजे ५० लाख ते १ कोटी वालुकाश्माचे ठोकळे लागले. आकडा ऐकून छाती दडपते, पण एकेक ठोकळा बघा: मोठ्यांचं वजन दीड टनाच्या आसपास, म्हणजे एका चारचाकीएवढं. पुष्कळ ठोकळ्यांवर बोटभर रुंदीची गोल भोकं अजून दिसतात. त्यांत खुंट्या ठोकून दोर बांधायचा आणि दगड उचलायचा. अंगकोर थोममधल्या बायोन मंदिराच्या आतल्या भिंतीवर तर हे काम कोरूनच ठेवलंय: टांगलेला दगड खालच्यावर घासून सांधा जुळवणारे मजूर. चुना न वापरता इतके घट्ट सांधे कसे, याचं उत्तर तिथेच आहे. खाणी सापडल्या आहेत कुलेन डोंगराच्या पायथ्याशी. जपानच्या वासेदा विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नासहून जास्त खाणी शोधल्या आणि २०१२ मध्ये दाखवून दिलं, की तिथून अंगकोरपर्यंत कालव्यांची सुमारे ३७ किलोमीटरची वाट होती. पूर्वी मानत तो टोनले साप सरोवराचा वळसा ९० किलोमीटरचा. महाकाय माणसाला कालवा कशाला हवा? खांद्यावर टाकून नेलं असतं.

पायऱ्यांचा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. त्या भयंकर उभ्या आहेत, खरंच. मधला भाग मेरू पर्वत मानलेला, तो चढायला सोपा कसा असेल? पण फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की त्या उंच असल्या तरी अरुंद आहेत. आपलंच पाऊल आडवं ठेवावं लागतं; राक्षसानं टाच कुठे टेकवायची? बरं, मापावरूनच बांधणारा ठरवायचा तर ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या बान्तेय स्रेई या अंगकोरजवळच्या मंदिरात जा. गाभाऱ्याची दारं जेमतेम मीटरभर उंच. मग ते काय बुटक्यांनी बांधलं?

फॉरवर्डबरोबर फिरणारा सांगाड्याचा फोटो ओळखीचा आहे. २००२ मध्ये फोटो-करामतींच्या एका स्पर्धेसाठी कुणीतरी तो संगणकावर बनवला होता. मूळ चित्र न्यूयॉर्क राज्यातल्या मॅस्टोडॉनच्या, म्हणजे हत्तीच्या नामशेष भाऊबंदाच्या, उत्खननाचं. आपल्याकडे तो आधी घटोत्कच म्हणून फिरला. आता कंबोडियाला गेलाय.

राहिली ती एक रात्र. अंगकोर वाट ख्मेर राजा दुसरा सूर्यवर्मा यानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधायला घेतलं. दक्षिणेच्या भिंतीवर तो स्वतः दरबार भरवून बसलाय, शेजारी नावही कोरलेलं आहे. पण ईशान्य कोपऱ्यातली शिल्पपट्टी कोरायची राहून गेली. ती पुरी झाली सोळाव्या शतकात, राजा आंग चान याच्या काळात. मधे चारशे वर्षं गेली होती.