संशयित अंबाडी

माझी अंबाडीची कुंडी सध्या सोसायटीच्या वॉचमन केबिनमध्ये जमा आहे. मुद्देमाल म्हणून.

माहेर वर्ध्याचं. आईने बी पाठवलं, मी बाल्कनीत पेरलं; आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी उगवलं. सुरुवातीची पानं साधी, पिंपळपानासारखी होती, तोवर पुण्यात कुणाची हरकत नव्हती. रोप वाढलं तशी वरची पानं पाच बोटांची आणि करवती कडांची, थेट गांज्यासारखी, यायला लागली. अंबाडीचं असंच असतं, खालचं पान वेगळं, वरचं वेगळं. समोरच्या विंगमधून कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली नुसती प्रश्नचिन्हं. संध्याकाळी कुंडीसह मला पार्किंगमध्ये बोलावणं.

सेक्रेटरी होते, खजिनदार होते, आणि बी विंगचे काका होते. काका कुठल्याच कमिटीवर नाहीत, पण लिफ्ट बिघडली तरी ते असतात आणि कुणाकडे मुलगी बघायला आले तरी असतात. नोकरी सगळी विम्यात झाली. भाचा मात्र धुळ्याकडे पोलिसात आहे. शिरपूरच्या डोंगरात गांज्याच्या शेतीवर धाडी पडतात, त्यांचे फोटो तो काकांना पाठवतो. एवढ्या भांडवलावर काका तज्ज्ञ.

त्यांनी आधी कुंडीला प्रदक्षिणा घातली. मग पान चुरगाळून नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

"वास येत नाही."

"काका, अंबाडी आहे. कशाला येईल?"

"तेच म्हणतोय. बिनवासाचा वाण निघालाय हल्ली."

"खाऊन बघा मग."

काकांनी सेक्रेटरींकडे अशा नजरेनं पाहिलं की मागे बायकोची पेन्शन नीट सुरू व्हावी. कोपरा तोडला, चावला.

"आंबट लागतंय."

"अंबाडी आंबटच असते!"

"वहिनी, चिडू नका. आंबट म्हणजे काहीतरी फवारलंय." मग जरा थांबून, "मला हलकं हलकं वाटतंय."

वॉचमनची खुर्ची आली. पाणी आलं. काका बसले, कपाळाला हात लावून म्हणाले, "गरगरतंय. पण छान गरगरतंय." खजिनदारांनी हे वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, मी पाहिलं.

इंग्रजांनी १८९३ मध्ये भांग-गांज्यावर आयोग नेमला होता. त्याने हजारावर साक्षीदार तपासले आणि बंदीची गरज नाही असं सांगून टाकलं. आमच्याकडे साक्षीदार एकच आणि तोही गरगरलेला.

मी म्हटलं, शास्त्रीय नाव शोधा. खजिनदारांनी फोन काढला आणि मोठ्यांदा वाचलं, "हिबिस्कस कॅनाबिनस." पार्किंगमध्ये शांतता. गांज्याच्या, म्हणजे कॅनाबिसच्या, पानांशी साम्य म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५९ मध्ये ठेवलेलं हे नाव. त्या माणसाला आमची सोसायटी माहीत नव्हती. सेक्रेटरींनी लगेच १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा काढला. कलम २०, लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. मी म्हटलं, त्याच कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे शेंडे, फुलोऱ्याचे. नुसती पानं त्यात धरत नाहीत, आणि हे तर झाडच ते नाही. तर काका खुर्चीतून म्हणतात, "बघा, अभ्यास पक्का आहे."

शेवटचा उपाय म्हणून अमेरिकेचा दाखला दिला. जॉर्जिया राज्यात २०१४ मध्ये पोलिसांना हेलिकॉप्टरमधून एका घराच्या आवारात गांजा दिसला, ते शस्त्रं घेऊन दारात पोचले, आणि निघाली भेंडी. भेंडी आणि अंबाडी एकाच कुळातल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, सुटले.

निर्णय झाला, फूल येईपर्यंत कुंडी केबिनमध्ये. फिकट पिवळं, मधोमध गडद तांबडं फूल आलं तर अंबाडी. आता ऐका. अंबाडीला दिवस लहान आणि रात्र मोठी झाल्याशिवाय फूल धरत नाही, आणि केबिनची ट्यूबलाइट रात्रभर जळते. म्हणजे सूर्य मावळलाय हे त्या झाडाला कळणारच नाही. माझी केस या जन्मात निकाली निघत नाही. मी हे सेक्रेटरींना समजावलं. म्हणाले, ट्यूब सुरक्षेचा विषय आहे.

भाजी कोवळ्या पाल्याचीच होते हो. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, शेंगदाणे आणि वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी, तेलाला हात न आखडता. तो पाला आता रजिस्टर आणि कुरिअरच्या खोक्यांमध्ये निबर होतोय, खाली पिवळा पडतोय. वॉचमन बिचारा पाणी घालतो. तो नांदेडचा, पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, ही तर अंबाडी." त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि सी विंगच्या गच्चीवर भाड्याने राहणारी पोरं रोज रात्री जे ओढतात, त्याचा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. मी तक्रार केली, लेखी. काकांनी गच्चीवर जाऊन पाहणी केली आणि सांगितलं, मुलं सुसंस्कृत आहेत, डासांसाठी काहीतरी लावतात.

आज नोटीस बोर्डावर नवा कागद आहे. बाल्कनीत पुढील झाडे लावण्यास मनाई: एक, अंबाडी. दोन, भेंडी.