खुर्चीचं वय

जुन्या फर्निचरच्या दुकानात एकही वस्तू साध्या घरातून आलेली नसते. एखादी संस्थानिकाच्या वाड्यातली असते, एखादी पारशाच्या बंगल्यातली. आणि जिच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, ती पानशेतच्या पुरातून वाचलेली असते. 12 जुलै 1961 ला मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं आणि लोकांचे अख्खे संसार घेऊन गेलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या पुरातून वाचलेली कपाटं, पेटारे आणि आरसे आज पुण्यात जितके विक्रीला आहेत ते बघता, त्या दिवशी सामान वाहून गेलं की वाहत आलं, अशी शंका यायला लागते.

मला एक आरामखुर्ची हवी होती. वेताची, लांब हातांची. त्या हातांच्या खाली आणखी दोन फळ्या दडवलेल्या असतात, त्या फिरवून पुढे काढल्या की वर पाय टाकून खुशाल पडायचं. नवी करून घ्यायला गेलं की सुतार आधी सागाचा भाव सांगतो, मग मजुरी सांगतो. ‘‘त्यापेक्षा जुनी बघू, स्वस्तात पडेल,’’ असं मी घरात म्हटलं. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

‘‘जुनी? आणि विकत?’’ एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचं बरोबरच होतं. सदाशिव पेठेतला वाडा पाडायला निघाला तेव्हा त्यांनी फडताळ, घडवंची, पितळी कड्यांचे दोन पेटारे आणि मला हवी होती तस्सी एक खुर्ची भंगारवाल्याला दिली होती. दिली म्हणजे, न्यायला तयार झाला म्हणून वर त्याच्या हमालाला चहापाण्याचे पैसे दिले होते. घरात लोखंडी कपाट येऊन बरीच वर्षं झाली होती. गोदरेजने ते 1923 मध्ये बाजारात आणलं आणि पुढच्या काही दशकांत मराठी घरांमध्ये लाकडी कपाटाची किंमत शून्य झाली. ज्याला वाळवी लागत नाही, ज्याला आतून तिजोरी आहे आणि जे मुलीला लग्नात देता येतं, त्यापुढे फडताळ काय टिकणार? आज लोखंडी कपाट गॅलरीत आणि फडताळ दिवाणखान्यात, असा उलटा प्रवास सुरू आहे. सासूबाईंना तो काही केल्या पटत नाही.

तरी त्या माझ्याबरोबर आल्या. ‘‘तुला फसवतील’’ हे एक कारण आणि गुडघे बरे होते हे दुसरं. लॉच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा सामान उचलायला म्हणून घेतला.

दुकान टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत. दुकान म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. कपाटावर कपाट, त्यावर उलटी टेबलं, टेबलांच्या पायांमध्ये अडकवलेल्या खुर्च्या आणि सगळ्यात वर एक पाळणा. आपल्याला जी वस्तू आवडते ती नेमकी तळात असते. ‘‘हात नका लावू ताई, वरचं खाली येईल,’’ असं सांगून मालक एका पोराला हाक मारतात आणि ते पोर ढिगात शिरून दिसेनासं होतं. वस्तू बाहेर येईपर्यंत मालक गप्पा मारतात. गप्पा म्हणजे चौकशी. राहायला कुठे? घर स्वतःचं? मिस्टर काय करतात? वस्तूचा भाव लाकडावरून ठरत नाही, या उत्तरांवरून ठरतो. मी ‘कोथ’पर्यंत पोचले तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘‘आम्ही लांब राहतो. भाड्याने.’’

आधी आम्हाला एक पेटारा दाखवण्यात आला. ‘‘सव्वाशे वर्षं जुना. भोरच्या संस्थानातला.’’

अशा वेळी काय बघायचं ते मी मोबाइलवर व्हिडिओ बघून पाठ करून गेले होते. बिजागऱ्यांना प्रत्येकी चार स्क्रू होते आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह होतं. या फुलीच्या स्क्रूचं पेटंट अमेरिकेत 1936 मध्ये निघालं. त्याआधीच्या स्क्रूला एकच सरळ चीर असते.

‘‘स्क्रू बदललेत,’’ मालक म्हणाले.

‘‘आणि बिजागऱ्या?’’

‘‘त्या गंजल्या होत्या.’’

‘‘मागे प्लायवूड आहे.’’

‘‘मागची फळी कुजली होती ना ताई.’’

‘‘मग यात जुनं काय राहिलंय?’’

‘‘डिझाइन.’’

सव्वाशे वर्षांचा पेच भाच्याने सोडवला, तोही अगदी निरागसपणे. शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती परदेशी नेता येत नाही, हे त्याच्या नुकतंच वाचनात आलं होतं. ‘‘काका, तुमच्याकडे परवाना असेलच ना?’’ त्याने विचारलं. मालकांनी पेटाऱ्याकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. ‘‘सव्वाशे म्हणजे... आपलं म्हणायचं. ऐंशी असतील. पंच्याऐंशी धरा.’’ उभ्या उभ्या चाळीस वर्षं कमी झाली, भाव मात्र होता तिथेच राहिला.

शेडच्या मागच्या अंगाला उजेड दिसला म्हणून मी डोकावले. तिथे दोन कारागीर पाठीला पाठ लावून काम करत होते. एक जण जुन्या कपाटावर मशीन फिरवून त्याचा काळपटपणा घासून काढत होता. दुसरा कोऱ्या करकरीत टेबलाला सायकलच्या चेनने बडवत होता, मग त्या खाचांमध्ये काळा रंग भरून फडक्याने पुसत होता. ‘‘हे ऑर्डरचं काम आहे, मुंबईला जातं,’’ मालकांनी घाईने सांगितलं. त्या दोघांनी आपापसात टेबल आणि कपाट बदलून घेतलं असतं तर दोघांचीही मेहनत वाचली असती.

मुंबईचं नाव निघालं की पुण्याच्या दुकानदाराला एक वेगळाच दम येतो. आमची एक मावशी ‘चोर बाजारात मटण स्ट्रीटला जा, नाहीतर जोगेश्वरीला ओशिवऱ्याला जा’ असं नेहमी सुचवत असते, ते मी बोलून गेले. मालक म्हणाले, ‘‘तिथले इथून नेतात.’’ खरं असेल. मटण स्ट्रीटवरचे, मी ऐकलंय, ‘पुण्याहून येतं’ असं कधीच सांगत नाहीत.

मग इराण्याच्या खुर्च्या निघाल्या. काळ्या, गोल बुडाच्या, पाठीला वाकवलेल्या लाकडाची कमान. ‘‘व्हिएन्नाच्या आहेत. रॉयल पीस.’’ एकेक नऊ हजारांना. ही खुर्ची मला मनापासून आवडते, पण रॉयल? मिखाएल थोनेट नावाच्या माणसाने 1859 मध्ये वाफेवर लाकूड वाकवून ती बाजारात आणली. सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स. सुटे भाग खोक्यात भरायचे, बोटीत चढवायचे आणि पोचतील तिथे जोडायचे. स्वस्त होती, हलकी होती, म्हणून तर जगभरच्या कॉफीच्या दुकानांमध्ये गेली आणि आपल्याकडे इराण्यांच्या हॉटेलात आली. बनमस्का खाणाऱ्या गिऱ्हाइकाला राजेशाही थाटात बसवायचा इराण्याचा काही विचार नसावा. ती त्या काळची प्लास्टिकची खुर्ची होती. आणखी साठ वर्षांनी मांडवातल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्याही याच शेडमध्ये येतील आणि कुणीतरी त्या गणेशोत्सवातून वाचलेल्या आहेत असं सांगेल.

शेवटी आरामखुर्ची बाहेर आली. धूळ, कोळ्याची जाळी, बुडाचा वेत मधोमध फाटून लोंबलेला. पण हात असे रुंद की त्यावर चहाचा कप, पेपर आणि चष्मा आरामात मावेल. मी हरखले, आणि ते मालकांनी बघितलं.

‘‘अठरा हजार.’’

इथून पुढे सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. आधी त्यांनी खुर्ची उलटी करायला लावली. सांध्यांवर बोटांनी टकटक केलं. पायाखालच्या फरशीवर बारीक भुसा पडलाय का ते वाकून बघितलं. ‘‘सागाच्या गाभ्याला भुंगा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागतो,’’ असं माझ्याकडे न बघता मला सांगितलं. मग अंबाड्यातला आकडा काढला आणि वेताच्या एकेका भोकात घालून फिरवायला सुरुवात केली.

‘‘काय बघताय मावशी?’’

‘‘ढेकूण.’’

माझ्या डोळ्यांसमोर त्या खुर्चीत पुस्तक घेऊन पडलेली मी होते. त्यांच्या डोळ्यांसमोर दर उन्हाळ्यात अंगणात खुर्च्या आपटून, भोकाभोकात रॉकेल सोडणाऱ्या त्या होत्या. त्या खुर्चीत त्यांचे सासरे बसत. त्या कधीच बसल्या नव्हत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

‘‘तू बसून बघ,’’ त्या म्हणाल्या.

वेत फाटलेला, म्हणून मालकांच्या पोराने वर एक फळी टाकली. मी टेकले आणि थेट आडवी झाले. या खुर्चीची बैठक मागे इतकी उतरती असते की बसणं आणि पडणं यांत काही अंतरच राहत नाही. वर हौसेने फळ्या फिरवून पाय त्यावर टाकले. आता उठायचं तर हातांना रेटा द्यायला हवा, पण हातांवर पाय. पाय काढायचे तर कंबर उचलायला हवी, आणि कंबर फळीच्या उतारावर. शेडच्या मधोमध, ओढणी सावरत, छताचे पत्रे बघत मी पडून राहिले आणि माझ्या डोक्यावरून भावाची बोलणी चालली.

‘‘चार हजार,’’ सासूबाई.

‘‘मावशी, नुसतं लाकूड त्याच्या वरचं आहे.’’

‘‘वेत फाटलाय. विणायचे पैसे कोण देणार?’’

‘‘ही मालिकेच्या शूटिंगला भाड्याने जाते. बघा, ताईंना आवडलीय.’’

‘‘तिला आवडलेली नाही. तिला उठता येत नाहीये.’’

सौदा साडेसहा हजारांवर पटला. भाच्याने हात देऊन मला काढलं.

टेम्पो, हमाल, सोसायटीच्या वॉचमनची नोंदवही, लिफ्टमध्ये खुर्ची मावते पण मग दार लागत नाही, हे सगळं ज्यांनी एकदा तरी घरी सामान आणलंय त्यांना ठाऊक आहे. सासूबाईंच्या हुकमावरून खुर्ची आधी गच्चीत गेली. तिला उन्हं दाखवण्यात आली, औषध फवारण्यात आलं, आणि तोवर घरात येण्याची सक्त मनाई.

वेत विणायला जे काका आले त्यांना दिसत नाही. अंधांच्या संस्थांमध्ये हे काम पूर्वीपासून शिकवतात, आणि ते शिकलेल्या माणसाचे हात बघत बसावेत असे असतात. बाथरूममधल्या बादलीत त्यांनी वेताच्या पट्ट्या भिजत घातल्या. जुना वेत कापला, खुंट्या ठोकून भोकं मोकळी केली. आधी उभे धागे, मग आडवे, मग त्यांच्यातून दोन्ही बाजूंनी तिरके. तिरका धागा ओढताना दर वेळी अंगठ्याने शेजारचा धागा चाचपायचा, म्हणजे आठ कोनांची जाळी आपोआप पडते. साडेचार हजार सांगितले तेव्हा मी जरा चरकले होते. काम बघून गप्प बसले.

खुर्ची पालथी घालून कडेची पट्टी बसवताना त्यांचा हात एका जागी थांबला. ‘‘इथे रंगाने काहीतरी लिहिलंय,’’ ते म्हणाले.

नवऱ्याने मोबाइलचा उजेड पाडला. मागच्या आडव्या दांडीला आतल्या बाजूने, पांढऱ्या रंगात, पोपडे धरलेली अक्षरं होती : सा. बां. वि., त्याखाली वि. गृ., मग एक आकडा, आणि 1971.

म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग, विश्रामगृह. कुठल्यातरी घाटमाथ्यावरच्या सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात ही उभी असणार. कधीतरी निर्लेखनाच्या यादीत नाव लागलं असणार आणि लिलावात निघाली असणार. नवरा हसत सुटला. तो खुर्चीपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. माझं तोंड मात्र उतरलं. संस्थान नाही तर नाही, निदान एखादा पारशी तरी?

सासूबाई पुढे आल्या, चष्मा लावून त्यांनी ती अक्षरं वाचली आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीकडे जरा आदराने बघितलं. ‘‘सरकारी? मग साग खरा आहे.’’

पुढच्या आठवड्यात पॉलिशवाला आला. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापसाच्या बोळ्याने हात मारायचं जुन्या पद्धतीचं पॉलिश त्याला येत होतं, म्हणून तो महाग होता. कागदाने घासता घासता तो त्या दांडीपाशी आला. ‘‘हा नंबर काढून टाकू ना मॅडम?’’

मी हो म्हणणार तोच सासूबाई आतून म्हणाल्या, ‘‘हात लावू नकोस त्याला. उद्या विकायची वेळ आली तर मंत्री बसलेली खुर्ची म्हणून सांगता येईल.’’

‘‘अहो आई, कुठले मंत्री?’’

‘‘ते गिऱ्हाईक कुठल्या पार्टीचं आहे ते बघून ठरवू.’’