राजवाड्यासमोरचा वाद आणि पंजाबातल्या दोन कारवाया

"एकदाच काय तो घाव घालायचा. लष्कराला मोकळीक द्या, सहा महिन्यांत एक अतिरेकी शिल्लक राहणार नाही," बंटी म्हणाला.

साताऱ्यात राजवाड्यासमोर, गांधी मैदानाच्या कडेला आमचा कट्टा. बंटी बावीस वर्षांचा आहे, भरतीची तयारी करतोय. त्याचं बोलणं पोरकट म्हणून सोडून देता येत नाही, कारण उद्या वर्दी चढवून तोच जाणार आहे. समोर आबा होते, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार. लष्कराबद्दल कुणी जोरात बोलायला लागलं की आबा आधी पूर्ण ऐकून घेतात.

"चौऱ्याऐंशी सालीही हेच म्हणत होते," आबा म्हणाले. "ब्लू स्टार. सुवर्णमंदिरात फौज घातली, तीही गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिनाच्या सुमाराला. आत यात्रेकरू होते. शेवटी रणगाडे आणावे लागले, अकाल तख्त फुटलं. आपले ८३ जवान गेले, हा सरकारच्या श्वेतपत्रिकेतला आकडा. जवानांनी हुकूम पाळला, त्यांना मी बोल लावणार नाही."

"पण आत दडलेला अतिरेक्यांचा म्होरक्या भिंद्रनवाले मेला ना आबा?"

"मेला की. ६ जूनला. पुढं सांग."

बंटी गप्प राहिला, तेव्हा आबांनीच सांगितलं. रामगढच्या शीख रेजिमेंटल सेंटरमध्ये जवानांनी बंड केलं आणि त्यात तिथले ब्रिगेडियर मारले गेले. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली, पाठोपाठ दिल्लीत शिखांची कत्तल. १० ऑगस्ट १९८६ला पुण्यात जनरल अरुणकुमार वैद्यांना गोळ्या घातल्या. ब्लू स्टारच्या वेळी तेच लष्करप्रमुख होते. "ज्या पोराला भिंद्रनवालेचं तोंड माहीत नव्हतं, त्यानंही अकाल तख्ताचे फोटो बघून बंदूक उचलली. एक माणूस मारून किती उभे केले, मोज."

मग आबा दुसऱ्या कारवाईवर आले. मला वाटतं, या सगळ्या विषयात ह्याच्याइतकं शिकण्यासारखं दुसरं काही नाही. मे १९८८, ऑपरेशन ब्लॅक थंडर. जागा तीच, सुवर्णमंदिर. आत पुन्हा हत्यारबंद लोक. या वेळी रणगाडे आणले नाहीत. वेढा घातला, वीज-पाणी तोडलं, दूरवर नेमबाज बसवले आणि वाट बघितली. पत्रकारांना लांब पिटाळलं नाही, बघू दिलं. काही दिवसांनी आतले लोक हात वर करून बाहेर आले आणि ते देशानं पाहिलं. आत त्यांनी मंदिराची काय दशा केली होती तेही दिसलं, आवारात पुरलेली प्रेतंही सापडली. धर्म वाचवायला निघालोय म्हणणाऱ्यांनी धर्मस्थळात काय केलं, हे शीख माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. सरकारी पत्रकानं हे काम कधीच झालं नसतं.

"पण आबा, माणसं सगळ्यात जास्त मेली ती त्याच्यानंतरच! नव्वद-एक्क्याण्णव बघा. आणि ते थांबवलं पोलिसांनीच," बंटी म्हणाला. पोरगं वाचून आलं होतं.

हा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पंजाबात पुढं पोलिसांनी प्रचंड बळ वापरलं. त्यातलं बरंच कायद्याबाहेरचं होतं. गुपचूप जाळलेल्या प्रेतांच्या नोंदी शोधून काढणाऱ्या जसवंतसिंग खालरांना १९९५मध्ये उचलून मारलं, आणि त्याबद्दल पोलिसांनाच शिक्षा झाली. तो घाव पंजाबात अजून भरलेला नाही.

सर इतका वेळ ऐकत होते. इतिहास शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. ते म्हणाले, "बंटी, फेब्रुवारी ९२च्या विधानसभेला तिथं २४ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. दहशत आणि बहिष्कार, दोन्ही. जानेवारी ९३ला ग्रामपंचायती झाल्या तेव्हा ८० टक्क्यांच्या वर. पोलिसांनी भीती कमी केली, हे मान्य. पण खंडणी आणि खून सोसून गावंच त्या पोरांना विटली होती. रात्रीची भाकरी मिळणं बंद झालं. गाव आसरा देतंय तोवर पोलीस किती जणांना मारणार?"

दत्तू कोरेगावकडचा, आल्याची शेती करतो. तो म्हणाला, "हरळीच्या रानात रोटर घातल्यागत आहे हे. जेवढे तुकडे, तेवढे नवे फुटवे." आणि त्यानं इराक काढला. २००३मध्ये अमेरिकेनं सद्दामला पाडलं आणि त्याचं सगळं सैन्य एका हुकमानं बरखास्त केलं. हत्यारं चालवणारी लाखो माणसं बिनपगारी घरी. त्यातलेच अधिकारी पुढं आयसिसच्या वरच्या फळीत दिसले. इराकमधल्या अल-कायदाचा म्होरक्या झरकावी २००६मध्ये बॉम्बनं मारला. २०१४मध्ये त्याच्याच संघटनेच्या वारसांनी, म्हणजे आयसिसनं, इराकचं मोसुल शहर घेतलं.

"तेही हरले," बंटी म्हणाला.

हरले. मार्च २०१९मध्ये सीरियातलं बागूज हे त्यांचं शेवटचं ठाणं पडलं. पण २१ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, श्रीलंकेत चर्च आणि हॉटेलांत स्फोट होऊन अडीचशेच्या वर माणसं मेली. करणारी पोरं तिथलीच, श्रीलंकेची, त्यातली काही चांगल्या खात्यापित्या घरची. आयसिसनं ते आपलं म्हणून मिरवलं. बागूज घेणाऱ्या कुठल्याच फौजेला कोलंबोतल्या त्या घरांत शिरता आलं नसतं.

"मग हिटलर? तो काय भाषणांनी गेला?"

त्याला सरांनी जे उत्तर दिलं, ते मी घरी जाऊनही घोळवत बसलो. जर्मनी दोनदा हरली. १९१८मध्ये हरली, तेव्हा आपल्याच लोकांनी दगा दिला ही थाप रुजली आणि त्या अपमानावर हिटलर पोसला गेला. १९४५नंतर न्युरेंबर्गला खटले चालले, पुरावे जगासमोर मांडले गेले, अमेरिकेच्या मार्शल योजनेचा पैसा आला, नवी राज्यघटना आली. पराभव दोन्ही वेळेला झाला. फरक पडला तो त्याच्यानंतर काय केलं त्यानं.

इथं मला राहवलं नाही. मी तुकाराम ओंबळेंचं नाव घेतलं. जावळी तालुक्यातलं केडंबे, आपल्या जिल्ह्यातला माणूस. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या आणि तो जिवंत सापडला. तो मेला असता तर पाकिस्ताननं कायम हात झटकले असते. जिवंत होता म्हणून जानेवारी २००९मध्ये, आधी नाकारून झाल्यावर, तो आपला नागरिक असल्याचं त्यांना कबूल करावं लागलं. कुठून आला, कुणी शिकवलं, कुणी पाठवलं, हे कोर्टासमोर आलं. नोव्हेंबर २०१२मध्ये येरवड्यात फाशी झाली ती खटला आणि अपिलं चालून. ओंबळेंना अशोकचक्र मिळालं ते शौर्यासाठी. पण देशाला त्यांनी पुरावा दिला, हे आपण फार कमी वेळा बोलतो.

आबांनी पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांचं नाव जोडलं. २०१५मध्ये कुपवाड्यात ते शहीद झाले. स्वतः पुढं राहून लढणारा अधिकारी, आणि तोच तिथल्या पोरांना खेळाकडं, कामधंद्याकडं वळवायला झटत होता. "फौजेला हे कळतं रे. फौजेत नसलेल्यांनाच वाटतं की सगळं गोळीनं होतं. आणि गोळीनं होत नाही ते काम गोळीवर टाकलं की शवपेटी आपल्या गावात येते," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

मला हाच राग आहे. शिकवण, न्याय, रोजगार, खटले ही कामं रेंगाळतात, आणि मग त्यांचा भार जवानाच्या पाठीवर टाकून आपण टाळ्या वाजवतो.

बंटीनं शेवटी गडचिरोली काढली, आणि त्याचा तो सगळ्यात भक्कम मुद्दा होता. गडचिरोली पोलिसांच्या सी-६० पथकाचा आणि केंद्रीय दलांचा दबाव नसता तर ऑक्टोबर २०२५मध्ये भूपतीसारखा बडा माओवादी नेता साठ जणांना घेऊन शरण आला असता का? आबा लगेच म्हणाले, नसता आला. पण २००५पासून शरण येणाऱ्यांसाठी योजना होती, परतायला वाट ठेवलेली होती, म्हणून त्यानं हत्यार खाली ठेवलं. वाट नसती तर शेवटच्या गोळीपर्यंत लढला असता, आणि समोर सी-६०मधली गडचिरोलीचीच पोरं असती.

"आणि शरण आलेल्यांचं पुढं काय होतं?" दत्तूनं विचारलं. "घर, काम मिळतं का? जमिनीचं, जंगलाचं ज्याच्यावरून हे पेटलं, ते मिटतंय का?"

बंटी म्हणाला, हे त्यानं वाचलेलं नाही. सर म्हणाले, आता तेच वाच.